बेटावरचं पांढरं मांस

शारजात, अल मजाजला, माझा धाकटा मुलगा राहतो. गेल्या हिवाळ्यात महिनाभर त्याच्याकडे होतो. नातीला शाळेत प्रोजेक्ट दिलं होतं, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नोकरीवर. वही घेऊन समोर बसली.

"दादा, व्हॉट वॉज युअर जॉब हियर?"

"मीट इन्स्पेक्टर. मांस तपासायचो."

"लाइक चिकन?"

"बकरं, मेंढी, बर्फातली कोंबडी. आणि डुकरं."

तिने पेन खाली ठेवलं. "पिग्ज? बट दादा, वी आर मुस्लिम!"

"तेव्हाही होतोच," मी म्हटलं.

सून स्वयंपाकघरात हसली. नातीने शेवटी वहीत 'फूड सेफ्टी' एवढंच लिहिलं आणि ती खेळायला गेली. तिने जे लिहून घेतलं नाही, ते आज इथे लिहितो. बारा वर्षांच्या नोकरीतली सगळी भरताड सांगत बसत नाही. एकाच वर्षाची गोष्ट सांगतो, कारण त्या वर्षी मी माझं काम खऱ्या अर्थाने शिकलो, आणि तेही चूक करून.

मी दाभोळच्या खाडीकाठचा. मुंबईला पशुवैद्यकी शिकलो, चार वर्षं कत्तलखान्यात काढली. साठच्या दशकात एका तेल कंपनीची जाहिरात पाहून अर्ज केला आणि बोटीत बसलो. आजच्या अमिराती तेव्हा एक झाल्या नव्हत्या. प्रत्येक शेखाचा मुलूख वेगळा आणि बाजारात चक्क आपला रुपया चालायचा. कंपनीचा कॅम्प अबू धाबीच्या पश्चिमेला एका बेटावर होता. आज त्या बाजूच्या किनाऱ्यावर रुवैसची रिफायनरी उभी आहे. तेव्हा होतं काय, तर समुद्र, वाळू आणि पत्र्याच्या बराकी. इंग्रज इंजिनिअर, गोव्याचे कुक, बलुची मजूर आणि लाँचवर आमचे कोकणी खलाशी.

पहिल्याच दिवशी कॅम्पचे मुख्य, हॅरिसन साहेब, मला बेटाच्या टोकाला घेऊन गेले. तिथे उंच कुंपण होतं आणि आत साठेक डुकरं. गोऱ्या मंडळींच्या मेससाठी पाळलेली. बर्फातलं मांस घेऊन येणाऱ्या जहाजाचा भरवसा नसायचा, आणि मेसमधलं उष्टं खाऊन डुकरं वाढायची, असा दुहेरी हिशोब. त्यातलं काहीही किनाऱ्यावर जाता कामा नये, अशी सक्त अट होती.

"हीसुद्धा तुमचीच, डॉक्टर," साहेब म्हणाले.

माझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये 'ऑल लाइव्हस्टॉक' असे दोन शब्द होते. मुंबईत सही करताना ते मी वाचले होते, पण त्या शब्दांत डुक्कर बसलेलं असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

मी अब्बांना पत्र लिहिलं. ते गावच्या शाळेत मास्तर होते, नमाज-रोज्याचे पक्के. उत्तर यायला महिना लागला. तोवर मी रबरी हातमोजे घालून काम सुरू केलं होतं. अब्बांनी लिहिलं होतं: "डुक्कर खाणं हराम आहे, बघणं नाही. तुझ्या तपासणीमुळे कुणाचं आजारपण टळत असेल तर ते काम कर. पण जे दिसेल तेच लिही. खोटी सही केलीस तर मात्र मला तोंड दाखवू नकोस."

आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. डुकराचा ओला स्पर्श झाला तर सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीने. बेटावर माती कुठली? वाळूने घासायचो. हातमोजे असूनही घासायचो. वर्षभरात मनगटांवरचे केस गेले.

राहायला मी कोकणी खलाशांच्या बराकीत होतो. आठ माणसं, एकत्र जेवण. त्यांचे वडीलधारे म्हणजे हसनचाचा. हर्णैचे, लाँचवरचे तांडेल म्हणजे खलाशांचे मुकादम, पांढरी दाढी आणि बोलणं मोजकं. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझी थाळी आणि गलास वेगळ्या फळीवर ठेवला.

"राग मानू नको हां डॉक्टर," ते म्हणाले, "पोरांचा मन राखायला लागतं."

मी राग मानला नाही असं म्हणणं खोटं होईल. मानला.

डुकरांची देखभाल कायतानकडे होती. गोव्याच्या बार्देशचा, पन्नाशीचा, बुटका माणूस. डोक्यावर कायम ओला पंचा. मेसमधलं उष्टं मोठ्या पिंपात उकळून तो डुकरांना घालायचा आणि प्रत्येक जनावराशी कोंकणीत बोलायचा. मला 'दोतोर' म्हणायचा. पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाला, "दोतोर, आपको इधर आने का दिल नहीं, मालूम है. पण जनावराक कितें खबर तुजी जात?" जनावराला काय ठाऊक तुझी जात!

आता थोडं कामाबद्दल. मांस तपासणं म्हणजे वास घेऊन शिक्का मारणं, असं लोकांना वाटतं. आधी जिवंत जनावर चालताना बघायचं. मग कापल्यावर जबड्याचे स्नायू, जीभ, काळीज म्हणजे हृदय, कंबर आणि मांडी चिरून बघायची. साबुदाण्याएवढ्या गाठी दिसल्या तर ती जंताची घरं. लाल ठिपके दिसले तर ताप. आणि स्नायूचा रंग तर आरशासारखा. जनावर काय खात होतं, किती घाबरलं, किती थकलं, सगळं त्यात दिसतं. चांगल्या मांसावर तळवा ठेवला तर तो कोरडा राहतो आणि दाबलेलं मांस परत वर येतं. नापास झालेल्या मांसावर हिरवा रंग ओतायचा आणि ते चुन्याच्या खड्ड्यात पुरायचं.

पहिल्या उन्हाळ्यात एक विचित्र प्रकार दिसू लागला. कापलेल्या डुकराचं कमरेचं मांस फिकट, भिजलेल्या कापसासारखं मऊ. टांगून ठेवलं की त्यातून पाणी ठिबकायचं. रोग म्हणावा तर जनावर तोवर ठणठणीत. मी तीन दिवस नुसता उभा राहून बघितलं. तेव्हा लक्षात आलं की डुकरं भर उन्हात पळवत आणतात, मजूर काठ्या आपटतात, जनावर किंचाळतं आणि त्याच घाबऱ्या अवस्थेत मारलं जातं. डुकराला घाम येत नाही. आतल्या आत त्याचं अंग तापतं आणि स्नायू जणू शिजतो.

मी नियम केला. आदल्या दिवशीच जनावर शेडमध्ये आणायचं, अंगावर पाणी मारायचं, काठी बंद, आणि काम उन्हं चढायच्या आत उरकायचं. महिन्याभरात पाणी सुटणं थांबलं. हॅरिसन साहेबांनी वरच्या ऑफिसला पत्र लिहून माझं कौतुक केलं. कायतान तर मला आपल्या संतांच्या रांगेतच बसवायला निघाला होता. मी फुगलो. आणि तिथेच घात झाला.

त्या वर्षी नाताळाच्या सुमाराला निम्मी माणसं दुसऱ्या कॅम्पवर गेली. जानेवारी संपता संपता एका डुकराच्या मांडीत फिकट पट्टे दिसले. मी म्हटलं, पुन्हा घाबरवलं असणार. कायतानला दम भरला. तो शपथेवर सांगत होता, "ना दोतोर, कोणी मारूंक ना, कोणी धांवडावंक ना." कुणी मारलं नाही, कुणी पळवलं नाही. मी ऐकलं नाही. पट्टे काढून टाकले आणि बाकीच्या मांसावर शिक्का मारला. चरबीही पिवळसर होती. तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं. पुढच्या दोन जनावरांचंही तसंच केलं.

मार्चमध्ये एका सकाळी दोन तरणीताठी डुकरं मरून पडलेली सापडली. आणखी पाच-सहा मागचे पाय ओढत, लाकडासारखी ताठ चालत होती. मी मेलेलं जनावर उघडलं आणि हात थांबला. कमरेचा आणि मांडीचा स्नायू उकडलेल्या कोंबडीसारखा पांढरा. पण पाणी नाही. कोरडा, खडूसारखा, सुरी लागली की करकरणारा. डावीकडे जसा, तसाच उजवीकडे. काळजावरही पांढरे डाग. चरबी हळदीच्या रंगाची आणि तिला एक जुनाट, खवट वास.

हे घाबरण्याचं काम नव्हतं. कायतान महिनाभर खरं बोलत होता आणि माझं लक्ष माझ्या कौतुकाच्या पत्राकडे होतं.

हॅरिसन साहेबांनी मांस पाहिलं आणि निकालच लावला. "विष. नाहीतर मेसचं उष्टं हा माणूस दुसरीकडे विकतो आणि कचरा खायला घालतो. पुढच्या बोटीने त्याला गोव्याला पाठवतो. तुम्ही फक्त रिपोर्टवर सही करा."

"मला आठवडा द्या," मी म्हटलं.

"चार दिवस."

मी कायतानला विचारलं, "उष्ट्याशिवाय काय घालतोस?" तो पंचाने तोंड पुसत राहिला. "कांयच ना, दोतोर." पण नजर जमिनीवर. मेलेल्या डुकराचं पोट मी त्याच्यासमोर उघडलं. आत अर्धवट पचलेली तारली मासळी होती. खवले चमकत होते. कायतान बाहेर निघून गेला.

तारली तिकडे ढिगाने मिळते. किनाऱ्यावर लोक ती वाळूत वाळवून उंटांना आणि गायींना घालतात. पण आमच्या बेटावर मासळीची पोती कशी आली? किनाऱ्यावर ये-जा करणारी लाँच एकच होती.

बराकीत सगळ्यांसमोर विचारायचं नव्हतं. दुपारी धक्क्यावर गेलो. हसनचाचा दोर वळत बसले होते.

"चाचा, कायतानला तारलीची पोती कोण देतं?"

"कित्याला विचारतोस?"

"त्या मासळीने डुकरं मरतायत."

त्यांचे हात थांबले. "मासळीनी? अरे, मासळी खाऊन तर तू-मी वाढलो!"

"ताजी खाऊन, चाचा. आणि भाताबरोबर. ही पोती दमट शेडमध्ये पडून खवट झाली. खवट तेल अंगातलं एक जीवनसत्त्व खाऊन टाकतं. ते संपलं की स्नायू मरायला लागतात. काळीजसुद्धा स्नायूच आहे. ते थांबलं की जनावर खलास."

हसनचाचांनी धक्क्यावर कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग म्हणाले, "नाताळापासून देतोय मी. मानसा गेली, उष्टा कमी झाला. लाँच धक्क्याला लावली का ती जनावरा वरडायची. भुकेनी वरडायची रे. मना ऐकवेना. उंटवाल्याकडं पडलेली पोती उचलली नि कायतानला नेऊन दिली."

"तुम्ही? डुकरांसाठी?"

"हराम त्याचा मांस हाय, डॉक्टर," ते शांतपणे म्हणाले, "त्याची भूक हराम नाय."

कायतान गप्प का होता ते आता कळलं. कोकणी खलाशांचा तांडेल डुकरांना चारा पुरवतो हे बाहेर आलं असतं तर पोरांनी चाचांच्या हातचं पाणी घेतलं नसतं. म्हणून त्याने नाव न सांगायची शपथ खाल्ली होती. नोकरी गेली तरी चालेल, पण चाचांचं नाव नाही. आणि मी मात्र त्याच्यावर काठी मारल्याचा आरोप करून मोकळा झालो होतो.

माझी पंचाईत झाली. रिपोर्टमध्ये मासळी लिहिली की साहेब विचारणार, कुठून आली. न लिहावं तर कायतान बोटीत. चाचांना हे सगळं न सांगताच दिसलं असावं. दोर बाजूला ठेवून ते म्हणाले, "तू हो पुढं. मी कापडं बदलून येतो."

ऑफिसात मी साहेबांना सगळं समजावून सांगत होतो, तेवढ्यात हसनचाचा आले. धुतलेली लुंगी, पांढरा सदरा. सरळ टेबलासमोर उभे राहिले. "साब, मच्छी हम लाया. जनावर भूखा था. कायतान को मत भेजो, भेजना है तो हमको भेजो."

मीही तेव्हाच बोलून टाकलं. "साहेब, यात माझीही चूक आहे. जानेवारीत पहिले पट्टे मी पाहिले होते. पिवळी चरबी पाहिली होती. मी चुकीचं नाव देऊन शिक्का मारला. तेव्हाच थांबलो असतो तर ही दोन मेली नसती."

"ते मांस आम्ही खाल्लं?" साहेबांनी विचारलं.

"खाल्लंत. माणसाला त्याने अपाय होत नाही. पण ते पास करायला नको होतं."

हॅरिसन साहेबांनी पाइप पेटवला, विझवला, पुन्हा पेटवला. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता ते खरं असेल तर उरलेली जनावरं सुधारली पाहिजेत. तीन महिने. नाही सुधारली तर तिघंही घरी."

कॅम्पवर बातमी लपत नाही. संध्याकाळी दोघं पोरं आपली वळकटी उचलून दुसऱ्या बराकीत गेली. हसनचाचा उठले, फळीवरची माझी थाळी काढली आणि इतर थाळ्यांमध्ये ठेवली. "आता येगळी ठेवायची तर माझी पन ठेवायला लागंल," ते म्हणाले, "आनि फळी येवढी मोठी नाय." कुणीतरी फिसकन हसलं. गेलेली दोघंही आठवड्याने परत आली. चाचांसारखी आमटी तिकडे कुणाला जमत नव्हती.

मासळी त्याच दिवशी बंद केली, उरलेली पोती पुरली. मांसाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून मुंबईला माझ्या जुन्या सरांकडे पाठवला. पण उत्तराची वाट बघायला वेळ नव्हता. पुस्तकात होतं, गव्हाच्या कोंबात आणि हिरव्या चाऱ्यात ते जीवनसत्त्व असतं. कायतान म्हणाला, "गंव तर स्टोरात असा!" किडका म्हणून बाजूला काढलेला गहू त्याने ओल्या गोणपाटावर पसरला. तिसऱ्या दिवशी पांढरेशुभ्र मोड. हिरव्या चाऱ्यासाठी हसनचाचा किनाऱ्यावरच्या खजुराच्या बागेतून लसूणघासाच्या पेंढ्या आणू लागले, आता उघडपणे, लाँचच्या पुढच्या भागात रचून. बागवाला अरब विचारायचा, "उंट किती आहेत रे बेटावर?" चाचा म्हणायचे, "बहुत हैं, हबीबी, बहुत हैं." कॅम्पच्या डॉक्टरांनी त्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, त्या अगदी आडव्या पडलेल्या जनावरांसाठी.

पहिल्या आठवड्यात आणखी एक मेलं. कायतान कुंपणाशी बसून रडला. मी त्याच्याजवळ बसलो. म्हटलं, "कायतान, तू खरं सांगत होतास आणि मी ऐकलं नाही. माफ कर." तो म्हणाला, "दोतोर, तूं साहेबासामकार तें म्हणलें न्हय? जालें." साहेबासमोर म्हणालास ना? झालं तर.

तिसऱ्या आठवड्यात एक मादी, जी मागच्या पायांवर उभीच राहत नव्हती, पाण्याच्या टाकीपर्यंत स्वतः गेली. मध्ये दोनदा बसली, पण गेली. कायतानने मला हाका मारमारून बोलावलं आणि आम्ही तिला पाणी पिताना बघत उभे राहिलो. त्या दिवसापासून मला वाटू लागलं की आपण घरी जात नाही.

मे महिन्यात मुंबईचं पत्र आलं. सरांनी माझ्या निदानावर शिक्कामोर्तब केलं होतं. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "रंग बघून थांबू नकोस. कारण विचार." हे वाक्य पुढे मी प्रत्येक नव्या असिस्टंटला पहिल्या दिवशी सांगत आलो, आणि सोबत माझ्या त्या तीन चुकीच्या शिक्क्यांची हकिकतही. चांगल्या माणसाचा तोंडी जबाब पुस्तकाइतकाच गंभीरपणे घ्यावा, हेही.

जूनच्या सुरुवातीला साहेबांनी दिलेली मुदत संपली. एक जनावर कापायचं ठरलं. आदल्या दिवशी त्याला शेडमध्ये आणलं, अंगावर पाणी मारलं. सूर्य वर येत होता. हॅरिसन साहेब हात मागे बांधून उभे होते. कायतान माझ्या शेजारी, ओठांत काहीतरी पुटपुटत. हसनचाचा कुंपणाच्या बाहेर उभे होते, पाठ करून, समुद्राकडे तोंड.

मी मांडी चिरली. मग कंबर, मग काळीज. चरबी अजून थोडी पिवळट होती, ती इतक्या लवकर जात नाही. कमरेत एक बारीक पांढरी रेघ होती, जुन्या जखमेचा वण असावा तशी. बाकी सगळा स्नायू लवचीक, घट्ट, गुलाबी-लाल. मी तळवा ठेवला. कोरडा राहिला. रेघ आणि पिवळी चरबी रिपोर्टमध्ये जशी होती तशी लिहिली. या वेळी एक अक्षर सोडलं नाही.

"पास," मी साहेबांना म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि कायतानचा हात हातात घेतला.

कुंपणापलीकडून आवाज आला, "डॉक्टर, रंग कसा हाय?"

"लाल, चाचा. अगदी लाल."

"अल्हम्दुलिल्लाह!" हसनचाचा मोठ्याने म्हणाले. मग आपण काय बोललो, कशावर बोललो, हे त्यांच्या लक्षात आलं. वळून माझ्याकडे बघत, दाढीतल्या दाढीत हसत म्हणाले, "कायतानची नोकरी राहिली म्हनून म्हटला हां मी. डुकरासाठी नाय."